आठ दिवसांची पाहुणी

दिवाळीच्या सुटीत घरी येणारा विद्यापीठाचा विद्यार्थी ओळखायला फारशी हुशारी लागत नाही. त्याच्याजवळ दोन पिशव्या असतात. एकीत मळलेले कपडे, दुसरीत वाचावयाची पुस्तके. परत जाताना पहिल्या पिशवीतले कपडे धुऊन, घड्या घालून जातात. दुसऱ्या पिशवीतली पुस्तके मात्र आली तशीच, अगदी खुणेची चिठ्ठीसुद्धा न हलता, परत जातात. त्यांच्या जागी जागा होते ती फक्त चिवड्याच्या डब्यासाठी.

या आठ दिवसांवर तिघांचा हक्क असतो. आईला वाटते, पोर वाळले आहे, त्याला खाऊ घालावे. बापाला वाटते, पोराच्या भवितव्याचा एकदा सोक्षमोक्ष लावून टाकावा. आणि मित्रमंडळींना वाटते, या दोघांच्या तावडीतून त्याला लवकर सोडवावे. बहुतेक घरांत मित्रमंडळीच जिंकतात, हे वाचकांना मी सांगावयास नकोच.

गेल्या दिवाळीत आमची कन्यका अशीच आठ दिवसांसाठी पुण्याहून आली. एम.ए.चे दुसरे वर्ष, विषय इतिहास. हा विषय ऐकला की आमच्या सोसायटीतील मंडळी क्षणभर गप्प होतात आणि मग हळूच विचारतात, “बरं, पण पुढे काय?” मीही बापच. म्हणून एका बँकेच्या परीक्षेचा अर्ज भरण्याची शेवटची तारीख मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर तांबड्या शाईने गोल करून ठेवली होती. ती तारीख नेमकी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवसाची, शुक्रवारची होती. पोरीने आल्या आल्या तो गोल पाहिला, पण एक अक्षर बोलली नाही. सौ.नेही पाहिला. ती मात्र बोलली: “चार दिवस सुखाने झोपू द्या तिला.”

इकडे विद्यापीठातील बाईंनी तिला आणखी एक तारीख दिली होती. सुटी संपताच प्रबंधिकेचा विषय नक्की करून सांगावयाचा. कोणत्यातरी जुन्या संस्थानाच्या महसुलाबद्दल लिहावे असे तिच्या मनात होते, पण त्यात तिचा जीव रमत नव्हता. तेव्हा आमच्या घरात त्या आठवड्यात दोन तारखा टांगलेल्या होत्या. एक भिंतीवर आणि एक तिच्या मनात.

आमचे बिऱ्हाड बदलापूरला. मुंबईच्या मुख्य स्थानकापासून सुमारे ६८ किलोमीटर. कल्याण सुटले की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि मग आम्ही. ही लोहमार्गाची शाखा तशी जुनी. १८५६ सालीच कल्याणहून खोपोलीपर्यंत गाडी धावू लागली होती. पण गाव वाढले ते अलीकडे. २००१ च्या जनगणनेत बदलापूरची वस्ती लाखाच्या आत होती, ती २०११ मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात गेली. त्या वाढीत आमच्याही चार डोक्यांची भर आहे. पहाटेच्या लोकलने जावे, रात्रीच्या लोकलने यावे आणि घर म्हणजे झोपावयाची जागा, असा माझ्यासारख्या कारकुनाचा शिरस्ता. त्यामुळे आपण ज्या टापूत राहतो त्याला काही इतिहास असेल, हा विचार आमच्यापैकी कोणी सहसा करत नाही. वेळ कोणाला आहे?

पोरीचे पहिले दोन दिवस झोपण्यात आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे कुरकुरत उठण्यात गेले. संध्याकाळी शाळेतल्या मैत्रिणी जमल्या. आमच्या गच्चीवर त्यांच्या गप्पा २०१९ च्या पुरावर येऊन थांबल्या. त्या जुलैत उल्हास नदीच्या पाण्यात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्यामध्ये अडकली होती; हजारावर प्रवाशांना होड्यांतून बाहेर काढले गेले. तेव्हा या साऱ्याजणी शाळेत होत्या. “आमच्या तळमजल्यावर पाणी शिरलं तेव्हा आजीनं आधी लोणच्याची बरणी उचलली,” असे एकजण म्हणाली आणि सगळ्या खदखदून हसल्या. हसता हसता आमची कन्यका म्हणाली, “हे कुणी लिहून ठेवलंय का ग?” कोणी लिहून ठेवले नव्हते. बरणीचे कोण लिहिणार!

लक्ष्मीपूजन झाले आणि पाडव्याला ती उल्हासनगरला गेली. तिचे पदवीपर्यंतचे कॉलेज तिथले, त्यामुळे जिवाभावाची मैत्रीणही तिथली. ही मैत्रीण सिंधी, घरचा जीन्स शिवण्याचा लहानसा कारखाना. बी.कॉम. झाल्यावर तिने शिक्षण थांबवले आणि ती वडिलांच्या गादीजवळ हिशेबाला बसू लागली. दोघी कॉलेजात एका बाकावर बसत. आता एक चर्चासत्रांच्या गोष्टी करते आणि दुसरी उधारी-वसुलीच्या. अशा मैत्रीत पहिली पंधरा मिनिटे थोडी अवघड जातात. सिंधी घरात आल्यागेल्याला आधी पापड आणि पाणी देतात, त्या रीतीने ती पंधरा मिनिटे निभावली असावीत.

देव्हाऱ्यापुढे आदल्या रात्री पुजलेली ‘हटरी’ होती. हटरी म्हणजे मातीचे छोटेसे दुकान. व्यापार हाच ज्यांचा आधार, त्यांनी दुकानाचीच पूजा करावी यात नवल नाही. पोरीने सहज विचारले, “ही कधीपासून पुजता?” उत्तर दिले ते कोपऱ्यात बसलेल्या दादींनी. वय ऐंशीच्या पुढे. अर्धे सिंधी, अर्धे हिंदी बोलणे. मैत्रीण मध्ये बसून अर्थ सांगू लागली.

उल्हासनगरची जन्मकथा आपल्याला मोघम ठाऊक असते. दुसऱ्या महायुद्धात सरकारने कल्याणजवळ लष्करासाठी छावणी उभारली. बराकींची संख्या दोन हजारांच्या वर होती. युद्ध संपले, छावणी ओस पडली. १९४७ मध्ये फाळणी झाली आणि सिंधमधून निर्वासितांचे लोंढे आले. सुमारे एक लाख माणसे या रिकाम्या बराकींत येऊन राहिली. ‘कल्याण कॅम्प’ हे त्याचे तेव्हाचे नाव. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि नदीच्या नावावरून या वसाहतीचे नाव उल्हासनगर झाले. जुनी आठवण अजून टिकली आहे ती पत्त्यांत. कॅम्प एक, कॅम्प दोन असे पाच कॅम्प लोक आजही सांगतात.

हे पुस्तकात मिळते. दादींनी सांगितले ते पुस्तकात मिळत नाही. त्या तेव्हा पाच-सहा वर्षांच्या. कराचीहून बोटीने मुंबई, तिथून आगगाडीने कल्याण. एका बराकीत कितीतरी कुटुंबे, मध्ये गोणपाटाचे पडदे. सगळ्या बराकी एकसारख्या, त्यामुळे लहान पोरे रोज हरवत. त्यांच्या आईने आपल्या दाराला तांबड्या कापडाची चिंधी बांधली, की पोरीला घर ओळखता यावे. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतात तो शेजारच्या पाच दारांना तांबड्या चिंध्या! त्या दिवशी दादी पुन्हा हरवल्या. पुढे आई पापड लाटी आणि मोठा भाऊ लोकलमध्ये गोळ्या विकी. “तो कधी रडला नाही,” दादी म्हणाल्या, “पण त्यानं पुढं आयुष्यात कधी गोळी खाल्ली नाही.”

पोर ऐकत होती. मैत्रिणीला ती म्हणाली, “तू हे लिहून का ठेवत नाहीस?” त्यावर ती मुलगी जे बोलली ते मला फार खरे वाटले. “मी हे लहानपणापासून ऐकतेय ग. पण मला रोज हिशेब लिहायचा असतो. तुला वेळ मिळालाय, तू लिही.” यात राग नव्हता, पण थोडी टोचणी होती. मग तीच उठली. पाडव्याला नव्या वह्या घेतात, त्यांतली तांबड्या कापडाच्या बांधणीची एक कोरी वही तिने आमच्या पोरीच्या हातात ठेवली.

त्या रात्री ती शेवटच्या लोकलच्या थोडी आधी आली. सौ. दारातच उभी होती. मी कॅलेंडरकडे पाहिले.

भाऊबीजेला आम्ही सारे सौ.च्या भावाकडे अंबरनाथला गेलो. हे मेव्हणे काडेपेटीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. कारखाना आता नाही. नाक्याला मात्र लोक अजून ‘विम्को नाका’च म्हणतात. दुपारच्या जेवणानंतर मेव्हणे भाचीला म्हणाले, “चल, तुझ्या इतिहासाच्या देवळात जाऊन येऊ.” वालधुनीच्या काठचे हे शिवमंदिर शिलाहारांचे. त्यातल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० हे वर्ष आहे आणि राजा मुम्मुणीचे नाव आहे. गाभाऱ्यात जाताना पायऱ्या चढावयाच्या नसतात, उतरावयाच्या असतात. बाहेर नदीच्या पाण्याचा रंग आणि वास पाहवत नव्हता. पण भिंतींवरची मूर्तिकामे ऊनपावसात नऊशेहून अधिक वर्षे उभी आहेत.

देवळाच्या आवारात बसल्यावर पोर म्हणाली, “मामा, राजाचं नाव दगडात राहिलं. कॅम्पातल्या दादींच्या आईचं कुठं आहे?”

मेव्हणे हसले. “माझं तरी कुठं आहे? हजेरीपटावर होतं. तो हजेरीपट कुठं असेल, देव जाणे.” मग जरा थांबून म्हणाले, “आमच्या खात्यात गुलाची किती जणांची बोटं पोळली, ते मी तुला सांगतो. लिहिणार असशील तर सांगतो. नुसतं ऐकणार असशील तर चहा घेऊ.”

तिने पिशवीतून तांबडी वही काढली. सौ. माझ्याकडे पाहू लागली. मी नदीकडे पाहू लागलो.

शुक्रवार उजाडला. कॅलेंडरवरचा गोल आता सगळ्या घराला दिसत होता. मी रजेवर होतो. दुपारी न राहवून विषय काढला. “बाळ, इतिहास वाईट असे मी म्हणत नाही. पण मला निवृत्तीला चार वर्षे राहिली आहेत, घराचे हप्ते सहा वर्षांचे आहेत.” मी आवाज चढवला नव्हता. आकडा सांगावयास आवाज चढवावा लागत नाही.

ती म्हणाली, “बाबा, मला ठाऊक आहे. हप्त्याचा मेसेज तुमच्या फोनवर येतो तेव्हा तुम्ही चष्मा काढता.” आणि ती पुन्हा उल्हासनगरला निघून गेली. जाताना म्हणाली, “तुम्ही पण चला.” मी गेलो नाही, घरात पाण्याचा नळ गळत होता, प्लंबर यावयाचा होता.

रात्री साडेअकराला ती टेबलाशी बसली होती. एका बाजूला वही, दुसऱ्या बाजूला मोबाईल. मी पाणी पिण्याच्या निमित्ताने गेलो. मोबाईलवर बँकेचा अर्ज होता, फोटो चढत होता, शुल्क भरले जात होते. अर्ज गेल्यावर तिने लागलीच बाईंना निरोप लिहिला. विषय: कल्याण कॅम्पातील बायकांच्या आठवणी, १९४७ पासून पुढे. मी पाणी प्यालो आणि झोपावयास गेलो. बारा वाजायला दहा मिनिटे होती.

रविवारी ती कर्जतकडे जाणाऱ्या लोकलने गेली. तिथून पुण्याची गाडी. चिवड्याचा डबा सौ.ने दिलाच, पण झाकणाला चिठ्ठी चिकटवून: “डबा परत आणणे.”

बँकेच्या परीक्षेचे काय झाले, असे वाचक विचारतील. पहिली पायरी ती चढली, दुसरीवर अडली. यंदा पुन्हा बसणार आहे. प्रबंधिका मात्र उन्हाळ्यात पुरी झाली. ज्या पुणे विद्यापीठात ती सादर झाली त्याची स्थापनाही १९४९ ची, उल्हासनगरच्याच वर्षाची. हा योगायोग तिने मला फोनवर सांगितला तेव्हा तिच्या आवाजात शाळकरी आनंद होता. तिने एकूण नऊ बायकांशी बोलून घेतले. त्यांच्यापैकी दोघी पावसाळा संपण्याआधी गेल्या. आमच्या ओळखीच्या दादी आहेत, पण श्रावणातल्या आजारपणानंतर त्या फारशा बोलत नाहीत. मैत्रिणीने त्या प्रबंधिकेची एक प्रत बांधून घेतली आहे आणि ती दुकानाच्या खणात, खातेवह्यांच्या शेजारी ठेवली आहे. संध्याकाळी गिऱ्हाईक नसले की ती दादींना त्यातले वाचून दाखवते. चिंधीच्या गोष्टीला दादी मान हलवतात.

वाचकहो, या दिवाळीतही घरोघर आठ दिवसांचे पाहुणे येतील. त्यांना चकल्या द्या, झोपू द्या आणि कॅलेंडरवर गोल करावयाचा असेल तर तोही खुशाल करा. हप्ते कोणाला चुकले आहेत? पण एका दुपारी त्यांना गल्लीतल्या सर्वांत वृद्ध माणसाच्या घरी फराळाचे ताट घेऊन पाठवा, आणि परत यायला उशीर झाला तर फोन करू नका. तेवढ्या वेळात लिहिण्यासारखे बरेच निघते.