गावाकडील बचतगट आणि परदेशातील आपण

नोकरीनिमित्त आखातात आलेल्या आपल्या समाजातील कुटुंबांनी गेल्या काही दशकांत गावाकडे जो पैसा पाठविला, त्यातून पक्की घरे उभी राहिली, भावंडांची शिक्षणे झाली, बहिणींची लग्ने झाली, विहारांच्या भिंतीही चढल्या. ह्याचा आम्हांस सार्थ अभिमान आहे. तथापि एका घराचे दारिद्र्य गेले म्हणून वस्तीचे जात नाही, आणि वस्तीचे दारिद्र्य कशाने हटते ह्याचा विचार आपल्या मेळाव्यांतून क्वचितच होतो. परदेशातील बांधवांनी वर्गणी काढून गावोगावच्या महिला बचतगटांना एकरकमी देणगी द्यावी, अशी सूचना मात्र वारंवार पुढे येते. तिच्यामागील कळकळ आम्ही जाणतो. तरीही ह्या सूचनेला आमचा विरोध आहे.

वादी अदाईत राहणाऱ्या आपल्या भगिनींना भिशी नवी नाही. दहा-बारा जणी दरमहा ठरावीक रियाल काढतात, जिची चिठ्ठी निघेल तिला सारी रक्कम मिळते. तिचा दागिना होतो किंवा विमानाचे तिकीट. बचतगट हा भिशीचाच पुढचा टप्पा होय. फरक इतकाच की, गटातील पैसा वाटून संपत नाही, तो कर्जाऊ फिरत राहतो. महाराष्ट्रात १९७५ साली स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळाने पुढे अशा गटांचे जाळे विणले. १९९२ साली नाबार्डने ५०० गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग हाती घेतला आणि त्यानंतर ही चळवळ देशभर पसरली.

गटातील अंतर्गत कर्जाला बहुधा दरमहा शेकडा २ रुपये व्याज असते. हे ऐकून येथील सुशिक्षित मंडळी दचकतात. वर्षाला २४ टक्के! खाजगी वित्तसंस्थाही जवळपास एवढेच घेतात, मग गटाचे कौतुक ते कोणते? कौतुक हेच की, कंपनीला दिलेले व्याज गाव सोडून जाते, आणि गटाला दिलेले व्याज त्याच बायकांच्या पेटीत पडते. दर तोच, परंतु मालक निराळा. आमच्या विरोधाचे मूळ ह्या एका गोष्टीत आहे.

आफ्रिकेतील नायजर देशाच्या मराडी भागात १९९१ साली केअर ह्या संस्थेने खेड्यांतील स्त्रियांचे असेच गट बांधले. त्या देशाचे दारिद्र्य आपल्या मराठवाड्यालाही लाजवील असे. बहुतेक स्त्रियांना अक्षरओळख नव्हती. कोणाचे देणे किती, हे त्या बैठकीत सर्वांसमोर बोलून तोंडपाठ ठेवीत. पैशाच्या पेटीला तीन कुलुपे आणि किल्ल्या तिघींकडे. पेटी चौथीच्या घरी. ठराविक काळाने सारी शिल्लक व्याजासह वाटून घ्यावयाची आणि पुन्हा नव्याने सुरुवात करावयाची. ह्या पद्धतीचा कणा म्हणजे बाहेरचे भांडवल घ्यावयाचे नाही हा नियम. ती पुढे आफ्रिकेतील अनेक देशांत गेली. बाहेरचा पैसा आधी आला की बाई गटात बचतीसाठी येत नाही, वाटणीसाठी येते. परक्या पैशावर डोळा सर्वांचा असतो, राखण मात्र कोणाचीच नसते. आपल्याकडे मागासवर्गीयांच्या नावाने निघालेल्या कित्येक सहकारी संस्था अनुदानापुरत्या कागदावर जगल्या, हे आपण पाहिलेच आहे.

परंतु केवळ बचतीने दारिद्र्य फिटते असेही आम्हांस म्हणावयाचे नाही. ह्याचे उदाहरण ओमानशी नाते असलेल्या झांझिबारचे. १९६४ च्या क्रांतीनंतर तेथून आलेल्या कुटुंबांमुळे मस्कतमध्ये आजही स्वाहिली कानी पडते. त्या बेटांच्या पूर्व किनाऱ्यावर १९८९ च्या सुमारास समुद्रशेवाळाची शेती सुरू झाली. ओहोटीच्या वेळी खुंटांना दोऱ्या बांधून शेवाळ वाढवावयाचे, काढून वाळवावयाचे आणि किलोवर विकावयाचे. हे काम बहुतांशी स्त्रियाच करतात. त्यांच्या हाती प्रथमच स्वतःचा पैसा आला. पण भाव निर्यातदार ठरवणार. पुढे समुद्र तापू लागला आणि अधिक भावाची जात उथळ पाण्यात मरू लागली. खोल पाण्यात जावे तर होडी नाही आणि पोहताही येत नाही. तेव्हा काही गटांनी शेवाळाची भुकटी करून साबण बनविण्यास घेतला, आणि कच्च्या मालापेक्षा कितीतरी अधिक मोल त्यांच्या पदरात पडले. बचत हातात होतीच. किंमत हातात आली तेव्हा कोठे दिवस पालटू लागले.

आपल्या भगिनींच्या बाबतीत किंमतीच्या आड आणखी एक भिंत आहे. गटांना व्यवसाय सुचविणारे अधिकारी सरसकट पापड, लोणची, मसाले सांगतात. ज्या गावात आपल्या घरचे पाणी घेतले जात नाही, तेथे आपल्या घरचे लोणचे कोण घेणार? हे सर्वत्र खरे नाही, शहराच्या बाजारात तर मुळीच नाही. पण ते जुने झाले असेही कोणी समजू नये. २०२१ च्या डिसेंबरात उत्तराखंडातील चंपावत जिल्ह्यातल्या एका शाळेत दलित स्वयंपाकिणीच्या हातचे जेवण सवर्ण मुलांनी नाकारले. म्हणून आमचे मत असे की, शेळीपालन, शिवणकाम, बियाणे, धान्याची घाऊक खरेदी असे व्यवसाय आपल्या गटांनी आधी पाहावेत. शेळीला जात विचारली जात नाही.

ह्यापुढचा प्रश्न जमिनीचा. बाबासाहेबांनी १९१८ साली लहान शेतांवरील आपल्या निबंधात दाखवून दिले की, शेत लहान की मोठे हे केवळ एकरांवर ठरत नाही, त्यावर लावावयाच्या भांडवलाच्या व साधनांच्या प्रमाणात ठरते. १९९१ च्या शासननिर्णयाने १४ एप्रिल १९९० पूर्वीची भूमिहीन दलितांची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. २००४ साली कर्मवीर दादासाहेब गायकवाड ह्यांच्या नावाने ४ एकर जिरायती अथवा २ एकर बागायती जमीन देण्याची योजना आली. ज्यांना जमीन मिळाली त्यांतील अनेकांजवळ बैल नाही, विहीर नाही, पेरणीला पैसा नाही. तेथे गटाचे कर्ज खरे उपयोगी पडते. सातबारा हातात असून सावकाराच्या दारी जाणारा मनुष्य जुन्या वेठीपासून कितीसा दूर आला?

मग आम्ही परदेशस्थांनी काय करावे? साताऱ्यातील म्हसवड येथे माणदेशी महिला बँक १९९७ साली सुरू झाली. तिचा परवाना प्रथम नाकारला गेला होता, कारण प्रवर्तक बायका अंगठा लावणाऱ्या. त्या लिहावाचावयास शिकल्या, रिझर्व्ह बँकेपुढे पुन्हा उभ्या राहिल्या आणि आमच्याइतके भराभर व्याजाचे गणित करून दाखवा, असे त्यांनी अधिकाऱ्यांनाच सुनावले. आपला पैसा जावा तर अशा शिकवणीसाठी: हिशेब शिकविणारी एक पगारी मुलगी, चार गावांत मिळून एक गोदाम. गटाच्या पेटीत तो जाऊ नये.

आणि एक अप्रिय गोष्ट. आमच्या पाहण्यात असे आले आहे की, ओमानमधून पैसा जाऊ लागला की त्या घरची सून किंवा बहीण गटातून अंग काढून घेते. आता आम्हांला कशाला हवे शंभर-दोनशे रुपये, असे म्हणते. बहुधा वही लिहू शकणारी तीच एकटी असते. ती गेली की गट मोडतो आणि उरलेल्या जणी कंपनीच्या हप्त्यांकडे वळतात. आपल्या रियालांनी असेही नुकसान केलेले आहे.

येत्या शुक्रवारी गावी फोन लावाल, तेव्हा पाऊसपाणी आणि प्रकृती विचारून झाल्यावर एवढे अवश्य विचारावे: आपल्या घरची बाई गटात आहे काय, वही कोण लिहिते, आणि वस्तीतील किती घरांवर कंपन्यांचे हप्ते चालू आहेत? ही माहिती पुढील सभेत मांडली गेली, तर देणगीच्या सूचनेवर आम्ही पुन्हा बोलण्यास सिद्ध आहोत.