महडच्या दोन मूर्ती आणि श्रद्धेचा पाया

खालापूर तालुक्यातील महडचा वरदविनायक हा अष्टविनायकांपैकी एक. मुंबई-पुणे महामार्गापासून जवळ असल्याने संकष्टीला आणि माघी चतुर्थीला येथे मोठी गर्दी उसळते. या गर्दीतील अनेकांच्या ध्यानात एक गोष्ट येत नाही. देवळात मूर्ती दोन आहेत; एक गाभाऱ्यात, दुसरी बाहेर. १६९० मध्ये धोंडू पौडकर यांना मंदिरामागील तळ्यात मूर्ती सापडली आणि १७२५ मध्ये सुभेदार रामजी महादेव बिवलकर यांनी मंदिर बांधले, असे सांगितले जाते. तळ्यातील ती मूर्ती कालौघात झिजली. भग्न मूर्तीचे विसर्जन करून नवी प्रतिष्ठापना करावी, असा धर्मशास्त्राचा दंडक आहे. विश्वस्तांनी तोच मार्ग धरला. काही भाविकांना तो रुचला नाही आणि वाद न्यायालयापर्यंत गेला. एका बाजूला शास्त्राधार, दुसऱ्या बाजूला पिढ्यान्‌पिढ्यांचा लळा. श्रद्धेला प्रमाण कोणते, हा प्रश्न येथे भाविकांनीच एकमेकांना विचारला, हे लक्षणीय.

स्थळपुराण त्याहून बरेच मागे जाते. गृत्समद ऋषींनी येथे तप केले, अशी कथा आहे. ऋग्वेदाचे दुसरे मंडल परंपरेने गृत्समदांच्या नावावर आहे आणि गणेशपूजेत आवर्जून म्हटली जाणारी, 'गणपती' हा शब्द असलेली ऋचा त्याच मंडलातील. मात्र ती ब्रह्मणस्पतीला उद्देशून आहे. गजमुख गणेशाची उपासना कित्येक शतकांनंतरची. गणेशपुराण तर अभ्यासक साधारण बाराव्या ते चौदाव्या शतकातले मानतात. इतिहासाच्या कसोटीवर ही कथा टिकत नाही. भाविक त्याने विचलित होत नाही आणि होण्याचे कारणही नाही. नारळ वाढवणाऱ्याला सनावळी नको असते.

श्रद्धा रोग बरा करण्याचा दावा करू लागते, तेव्हा हिशेब बदलतो. कर्जत-खालापूरच्या ठाकूर, कातकरी वाड्यांभोवती पावसाळा म्हणजे सापांचे दिवस. मांत्रिकाने उतरवलेल्या विषाच्या कथा सगळ्याच खोट्या नसतात. रुग्ण खरोखर वाचलेला असतो. कारण बहुतेक साप बिनविषारी, आणि विषारी सापाच्याही प्रत्येक दंशात विष उतरतेच असे नाही. वाचलेला माणूस साक्षीला उभा राहतो, मेलेल्याची साक्ष निघत नाही. घोणस किंवा मण्यार पूर्ण विषानिशी चावली, की त्या विश्वासाची परीक्षा काही तासांत होते.

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाल्यानंतर राज्याने काढलेल्या वटहुकमाचे त्याच वर्षी डिसेंबरात कायद्यात रूपांतर झाले. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा त्यानुसार गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे. पूजा, यात्रा, प्रदक्षिणा, कीर्तन यांना त्याने हात लावलेला नाही. देवळाच्या दारी जाणाऱ्याला त्याचे भय नाही, हे विरोधकांना पटवण्यात बरीच वर्षे गेली.

याच जिल्ह्यात, नावात एका कान्याचाच फरक असलेल्या महाडकडे, डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरून पाहिले. मृत्यूंचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून एक टक्क्याच्या आसपास आले. लोकांनी मंत्र सोडला तो व्याख्यानांपेक्षा या अनुभवामुळे अधिक. सर्पदंशात मात्र प्रतिविषाबरोबर रस्ताही लागतो. रात्री वाडीवरून कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयापर्यंत वाहन मिळत नसेल, तर मांत्रिकाचे दार जवळचे राहते, आणि तेथे कायद्याचे कलम पोहोचत नाही.