या वयात हे काय थेर!

व्हॅक्यूम क्लीनर लावायचा नाही, केस वाळवायचं यंत्रही नाही. त्या आवाजात फोनची घंटा ऐकू आली नाही तर? फ्रेंच लेखिका आनी एर्नो यांच्या १९९१ सालच्या ‘पासिओं सैंप्ल’ या चिमुकल्या पुस्तकातली ही बाई म्हणजे त्या स्वतःच. वय अठ्ठेचाळीस, घटस्फोट झालेला, दोन मोठे मुलगे, लेखिका म्हणून नाव. आणि जीव अडकलाय पॅरिसमधल्या एका विवाहित सोव्हिएत अधिकाऱ्यात. फोन त्यानेच करायचा. भिकाऱ्याला नाणं देतानाही मनात मागणं एकच, आज त्याचा फोन येऊ दे.

एर्नो सफाई देत नाहीत. तो माणूस कुणी थोर होता असंही भासवत नाहीत (त्याला भारी सूट आणि मोठ्या गाड्या आवडायच्या, एवढं कळतं). १९८९ च्या अखेरीस तो मायदेशी परतला. त्या दिवसांची रोजनिशीही त्यांनी २००१ मध्ये छापली.

चाळिशी उलटलेला पुरुष असा वेडावला तर मित्र पाठ थोपटतात. बाईच्या वाट्याला मात्र मथळ्यातलं वाक्य येतं. गौरी देशपांडे यांच्या नायिकांनी ते कधीच झुगारलं, तरी कुजबुज चालूच आहे.

म्हणूनच या अंकातल्या कथांसाठी लेखिकांना आम्ही एवढंच सांगितलं होतं: नायिकेला शिक्षा नको आणि पश्चात्तापही उसना नको.