मागे बसणाऱ्याचा जीव स्वस्त आहे का?
अमेरिकेचा नियम बघा. १८ जुलै १९७८ नंतर बनलेल्या छोट्या विमानांत पुढच्या सीटना खांद्याचा पट्टा सक्तीचा. मागच्या सीटना? १२ डिसेंबर १९८६ नंतर बनलेल्यांत! म्हणजे पायलटला आधी, मागे बसलेल्या बायकापोरांना आठ वर्षांनी. आणि त्याआधीची विमानं? त्यांना सूट! त्यातली कित्येक आजही उडतायत. नुसत्या कमरेच्या पट्ट्याने कंबर जागेवर राहते, डोकं मात्र समोर आपटतं. अहो, विमान जुनं असेल, आत बसलेलं पोर जुनं नसतं! खर्चाचं रडगाणं पुरे. जुन्या विमानांना मुदत द्या आणि पट्टे बसवायला लावा. तोवर छोट्या विमानात चढण्याआधी बेधडक विचारा, मागे खांद्याचा पट्टा आहे का? नसेल तर चढू नका.