एकतीस शिपाई आणि चोवीस पुस्तके

‘अगं, तुझ्या या शिपायांना डोळे कधी यायचे?’ आई परवा सहज म्हणाली. डोळे येण्याची साथ तिला अभिप्रेत नव्हती, हे सांगायला नकोच. माझ्या टेबलावर सात शिपाई रंगून उभे होते आणि त्यांच्यामागे चोवीस जण करड्या अंगाने, आंधळे, रांगेत ताटकळत होते. आईने विचारले थट्टेने. पण प्रश्न मला लागला. कारण टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पुस्तकांची चळत होती आणि तिचीही अवस्था फारशी वेगळी नव्हती.

माझा छंद ऐकून पुष्कळांना हसू येते, म्हणून प्रथम त्याची ओळख करून देते. ‘वॉरहॅमर फोर्टी थाउजंड’ नावाचा एक खेळ १९८७ साली इंग्लंडात निघाला. रिक प्रीस्टली हे त्याचे मूळ लेखक. आजपासून सुमारे अडतीस हजार वर्षांनंतरचे विश्व त्यात कल्पिले आहे आणि त्या विश्वात अखंड युद्ध चालू आहे. खेळ टेबलावर मांडतात, फासे टाकतात, टेपने अंतरे मोजतात. त्यातली सोंगटी म्हणजे साधारण २८ मिलिमीटर मापाची प्लॅस्टिकची आकृती. ती तयार मिळत नाही. हात, पाय, डोके, बंदूक असे सुटे भाग एका चौकटीला जोडलेले येतात. ते कापायचे, पात्याने खरवडायचे, चिकटवायचे आणि मग रंगवायचे. माझ्यासारखे काही जण खेळ खेळतच नाहीत, नुसते रंगवतात.

‘हे परदेशी खूळ कशाला?’ असे कोणी विचारले की मला दिवाळीतला किल्ला आठवतो. चिकणमाती कालवून केलेला बुरूज, अळीव पेरून आणलेली हिरवळ आणि पायऱ्यापायऱ्यांवर उभे केलेले मातीचे मावळे. एखाद्या मावळ्याची मिशी उडाली की ती काडीने पुन्हा काढणारी मुले आपल्यात किती तरी असतील. माझ्या छंदाचे मूळ तिथेच आहे. फक्त मावळ्यांच्या हातातल्या तलवारी गेल्या आणि अंतराळातली चिलखते आली. विज्ञानकथा आणि खेळण्यातले शिपाई यांचे नातेही जुनेच आहे. ‘टाइम मशीन’ (१८९५) आणि ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ (१८९८) लिहिणारे एच. जी. वेल्स घराच्या जमिनीवर शिपाई मांडून, खेळण्यातल्या तोफेने त्यांना पाडून लढाया खेळत, आणि १९१३ साली त्यांनी या खेळाच्या नियमांचे ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तकच लिहिले. असो.

जून २०२५ मध्ये मी एक नवी वही घातली. डावीकडच्या पानावर शिपाई, उजवीकडच्या पानावर पुस्तके. शिकवण्यांचे पैसे साठवून दहा-दहा शिपायांची तीन खोकी आणि एक नायक असा एकतीस जणांचा जथा मी आणला होता. आठवड्याला एक शिपाई या हिशेबाने जानेवारीअखेर सारे सैन्य उभे राहणार होते. उजव्या पानावर विज्ञानसाहित्यातली चोवीस पुस्तके सनावळीप्रमाणे लावली होती, १८१८ च्या ‘फ्रँकेन्स्टाइन’पासून पुढे. पंधरवड्याला एक पुस्तक. लाल शाईने रकाने आखले तो दिवस वर्षातला सर्वांत आनंदाचा गेला. यादीची गोम हीच आहे. पुरी केल्याचा आनंद ती लिहितानाच मिळून जातो. मग मागे उरतात ते नुसते कष्ट.

यादी कशी फिरते याचा एक नमुना सांगते. डॉ. जयंत नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. त्या दिवशी मी ठरवले होते की, आता पहिले पुस्तक त्यांचेच वाचायचे. ‘कृष्णविवर’ ही कथा त्यांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने पाठवली होती आणि तिला पहिले बक्षीस मिळाले होते, हे ऐकल्यापासून मला त्यांच्या कथांचे कुतूहल होते. पण सनावळीने क्रम लावला आणि १९७९ चे ‘यक्षांची देणगी’ गेले अठराव्या जागी. यादीच्या गतीने तिथे पोहोचायला फेब्रुवारी उजाडणार होता. जे पुस्तक वाचावेसे वाटत होते ते मी स्वतःच्याच हाताने आठ महिने लांब टाकले, आणि त्या वेळी मला त्यात काही वावगेही वाटले नाही!

जुलैत पहिला तडाखा बसला. शिपायाला आधी प्रायमरचा फवारा मारावा लागतो, नाही तर रंग प्लॅस्टिकला नीट धरत नाही. हवेत ओल असली की हा थर दाणेदार आणि भुरकट बसतो. हे मला ठाऊक होते. पण वहीत ‘या आठवड्यात दहा’ असे लिहिलेले होते, म्हणून भर पावसात पडवीत उभी राहून मी दहाच्या दहा शिपायांवर फवारा मारला. सगळे पिठात घोळल्यासारखे दिसू लागले. तो थर काढण्यात पुढचे दोन आठवडे गेले.

श्रावणात पेणला मावशीकडे गेले होते. तिच्या आळीतच गणपतीचा एक कारखाना आहे. मूर्तींच्या रांगाच रांगा, आणि एका कोपऱ्यात एक कारागीर फक्त डोळ्यांची आखणी करत बसलेला. अंगाचा रंग दुसरे देतात, दागिने तिसरे. डोळे मात्र त्याचेच. मी बराच वेळ पाहत राहिले आणि मग न राहवून विचारले, ‘काका, दिवसाला किती होतात?’ तो मान वर न करता म्हणाला, ‘मी नाही मोजत पोरी. मोजायला लागलं की हात हलतो. मोजायला मालक आहे ना!’

घरी आल्यावर मी पहिल्यांदा एका शिपायाचे डोळे रंगवायला बसले. माझ्या खोक्यात शिरस्त्राण घातलेली डोकी होती आणि उघडी डोकीही होती. शिरस्त्राण लावले की डोळ्यांची कटकट नाही, म्हणून आजवर मी तीच लावत आले होते. या खेपेस उघडे डोके लावले. दोन शून्यांचा ब्रश, पाण्याने दुधासारखा पातळ केलेला रंग. आधी डोळ्यात मळकट पांढरा भरायचा. बुबुळ म्हणून ठिपका दिला की शिपाई भूत पाहिल्यासारखा दचकलेला दिसतो; म्हणून वरून खाली एक बारीक उभी रेघ ओढायची आणि पापणीबाहेर गेलेला भाग कातडीच्या रंगाने झाकून टाकायचा. सांगायला हे तीन ओळींचे काम आहे. मला त्याला चार संध्याकाळी लागल्या. चौथ्या संध्याकाळी त्याने माझ्याकडे पाहिले.

वाचनाच्या पानावर मात्र बरोबरच्या खुणा भराभर पडत होत्या. सप्टेंबरात स्तानिस्वाव लेम यांचे ‘सोलारिस’ (१९६१) मी दोन रात्रींत उरकले आणि खूण केली. दुसऱ्या दिवशी सरांनी हातातले पुस्तक पाहून विचारले, ‘काय, मग त्या समुद्राला काय हवं होतं, काही कळलं का?’ सोलारिस हा एका विराट, जिवंत समुद्राने झाकलेला ग्रह. तो समुद्र माणसांच्या स्मृतीतली माणसे त्यांच्यासमोर आणून उभी करतो. का, ते माणसाला उमगत नाही. पुस्तकाचे सारे मर्म सरांच्या प्रश्नात होते, आणि पुस्तक ‘संपवूनही’ मला तो प्रश्न पडलाच नव्हता. मी काही तरी पुटपुटले. त्या रात्री ती खूण मी खोडून काढली. वर्षभरात प्रामाणिकपणे भरलेला तो एकच रकाना असावा.

त्यानंतर मी गती सोडली. जो हाल्डमन यांच्या ‘फॉरेव्हर वॉर’ (१९७४) या कादंबरीला मी सहा आठवडे दिले. हाल्डमन स्वतः व्हिएतनामच्या युद्धात लढले आणि जखमी झाले. त्यांचा नायक दूरच्या ताऱ्यांवर लढायला जातो. प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास प्रवास केल्यामुळे त्याची काही वर्षे सरतात तेवढ्यात पृथ्वीवर शतके उलटतात. ज्या घरासाठी लढायचे ते घर, ती माणसे, त्यांची भाषासुद्धा उरत नाही. याआधी मी हाइनलाइन यांचे ‘स्टारशिप ट्रूपर्स’ (१९५९) वाचले होते. त्यातली यांत्रिक चिलखते वाचून हरखून मी माझ्या शिपायांची चिलखते नव्या भांड्यासारखी लखलखीत केली होती. हाल्डमन वाचताना एकच शिपाई टेबलावर होता. फोमचा तुकडा गडद तपकिरी रंगात बुडवून मी त्याच्या कोपरांवर, गुडघ्यांवर टिपला, तेव्हा चिलखत वापरलेले, पोचे आलेले दिसू लागले. डोळ्यांखाली जांभळट पाण्यासारखा रंग सोडला. तो दमलेला दिसू लागला. पुस्तक आणि ब्रश यांची इतके दिवस वेगवेगळ्या पानांवर मांडलेली कामे त्या दिवशी एक झाली.

एका मैत्रिणीने मला रोखठोक विचारले, ‘जगात खरोखरीची युद्धं चालू आहेत आणि तू शिपाई रंगवत बसतेस?’ प्रश्न खरा आहे आणि त्याला माझ्यापाशी पुरे उत्तर नाही. वेल्स यांनी ‘लिटल वॉर्स’च्या शेवटी असे म्हटले आहे की, ज्याने हे लहान युद्ध काही वेळा खेळून पाहिले त्याला खरे मोठे युद्ध किती ओबडधोबड आणि खुळेपणाचे असेल ते उमगावे. पुढच्याच वर्षी, १९१४ साली, पहिले महायुद्ध पेटले. तेव्हा खेळण्यातल्या शिपायांनी युद्ध थांबत नाही, हे मान्यच करायला हवे. मी एवढेच सांगू शकते की, ज्या चेहऱ्यासाठी चार संध्याकाळी गेल्या तो चेहरा पुढे मला ‘एक’ या आकड्यात मांडता येईना. वर्तमानपत्रात ‘इतके ठार’ असे छापून येते, त्यावरून पूर्वी माझी नजर सहज पुढे सरकत असे. आता ती थोडी अडखळते. यापलीकडे माझा दावा नाही. आणि लाजेची गोष्ट अशी की, जूनमधल्या माझ्या वहीत तेही एकतीस आकडेच होते.

मला वाटते, हा केवळ माझ्या टेबलाचा प्रश्न नाही. आपण सगळेच आज मोजणीत सापडलो आहोत. टक्के मोजतो, श्रेयांक मोजतो, वर्षाला पन्नास पुस्तकांचा संकल्प फोनवर जाहीर करतो आणि पन्नासावे संपले की एकोणपन्नासावे काय होते ते आठवत नाही. कलाशाखेच्या विद्यार्थ्यांना तरी हे शोभत नाही. शास्त्राच्या प्रयोगशाळेत मोजावेच लागते. पण कविता, कादंबरी, चित्र यांपाशी बसायला आपण इथे आलो, ते मोजमापाने न सापडणारे काही तरी हवे म्हणून ना? छंदाने पैसा मिळावा, नाव व्हावे असे मी म्हणत नाही. पण निदान आपल्या छंदावर आपणच मालक होऊन बसू नये, एवढे तरी पाळता येईल.

यादीला मी सर्वस्वी दोष देत नाही. यादी केली नसती तर लेम आणि हाल्डमन ही नावेही मला कळली नसती. यादी वाटाड्या म्हणून चांगली, मुकादम म्हणून वाईट. म्हणून आता मी तीन नावांपेक्षा मोठी यादी करत नाही आणि समोरचा शिपाई पुरा झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावत नाही. नवे खोके आणायचे नाही, असेही ठरवले आहे. हा नियम पाळणे सर्वांत कठीण आहे, हेही कबूल करते.

हिशेब सांगायचाच तर असा : शिपाई सात, पुस्तके दहा. त्या दहांत ‘सोलारिस’ आहे, दुसऱ्यांदा आणि सावकाश वाचलेले. आणि दहावे ‘यक्षांची देणगी’, जे सनावळीच्या रांगेतून उचलून मी पुढे आणले. आठव्या शिपायाचा डावा डोळा काल झाला. उजवा आज प्रकाश चांगला असेपर्यंत जमला तर जमला. आईला मी सांगून ठेवले आहे, ‘येतील गं डोळे, आमच्याकडे साथ जरा हळूहळू पसरते.’