गाव उठवायचे, पण कोणाला विचारून?

पुनर्वसनाची गोष्ट निघाली की आपल्याकडे चर्चा मोबदल्यापासून सुरू होते आणि मोबदल्यापाशीच संपते. एकराला किती, विहिरीला किती, झाडाला किती. नव्या गावठाणात घराचे दार कोणीकडे असावे, गोठा कुठे, कडबा कुठे रचायचा, भावकी एका आळीत राहणार की चार दिशांना फेकली जाणार, हे प्रश्न कुणी काढलेच तर उत्तर ठरलेले असते, "ते सगळं प्लॅनमध्ये आहे." प्लॅन गावात कोणी पाहिलेला नसतो. पाहिला तरी निळ्या रेघा बघून आपल्या म्हशी कुठे बांधायच्या हे कोणाला कळणार?

या एका प्रश्नामागे आयुष्य घालवलेले एक प्राध्यापक इजिप्तमध्ये होऊन गेले. हसन फाथी त्यांचे नाव. आर्किटेक्चर कॉलेजातल्या पोरांना ते माहीत असते, पण ज्यांच्यासाठी त्यांनी खटपट केली त्या शेतकऱ्यांपर्यंत ते फारसे आलेच नाही. सरपंच, ग्रामसेवक, तलाठी मंडळींनी त्यांची गोष्ट जरूर ऐकावी. ती यशाची गोष्ट नाही, हे आधीच सांगून टाकतो.

फाथींचा जन्म १९०० सालचा, अलेक्झांड्रिया शहरातला. घर जमीनदाराचे, पण वडिलांना खेड्याचा तिटकारा. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षापर्यंत या माणसाने स्वतःच्या घरची शेतीसुद्धा पाहिली नव्हती. पाहिली तेव्हा शेतमजुरांची अंधारी, गलिच्छ खुराडी पाहून ते हबकले. तिथून डोक्यात एकच विचार बसला, की या माणसांना धड घर मिळाले पाहिजे आणि ते त्यांच्या ऐपतीत बसले पाहिजे. १९३० पासून ते कैरोच्या ललित कला विद्यालयात शिकवू लागले.

ऐपतीत बसणारी वस्तू एकच, पायाखालची माती. भिंत मातीची होते, त्यात नवे काही नाही. अडते ते छपरापाशी. इजिप्तमध्ये इमारती लाकूड नाही, आणि दुसऱ्या महायुद्धात लोखंड-लाकडाचे भाव गगनाला भिडले. फाथींनी मातीच्या विटांचीच कमानदार छपरे घालून पाहिली. ती कोसळली. त्यांचे थोरले भाऊ अस्वान धरणावर अधिकारी होते. ते म्हणाले, अरे, इकडचे नुबियन गवंडी खाली काहीही आधार न देता कमान घालतात. झाले, १९४१ साली प्राध्यापकमहाशय विद्यार्थ्यांना घेऊन अस्वानला हजर.

ती कला समजून घेण्यासारखी आहे. खोलीची एका टोकाची भिंत उंच न्यायची. पहिला विटांचा फेर तिला थोडा रेलवून लावायचा, दुसरा पहिल्यावर रेलवायचा, असे करत पुढे यायचे. प्रत्येक फेर मागच्यावर विसावलेला, म्हणून खाली सेंटरिंग लागत नाही. छपराच्या विटेत काड जास्त घालायचे म्हणजे ती हलकी होते, आणि ओली असतानाच तिच्यावर बोटांनी चर ओढायचे म्हणजे चिखल घट्ट धरतो. हत्यार म्हणाल तर तासणीसारखे एक. ना टेप, ना ओळंबा. अशी एक खोली दोन गवंडी दीड-दोन दिवसांत झाकून मोकळे होतात. कॉलेजात पदवी घेऊन आलेल्या माणसाला जे जमले नाही ते अंगठेबहाद्दर गवंड्यांनी करून दाखवले, आणि फाथींनी ते मोकळेपणाने मान्य केले. त्याच गवंड्यांना त्यांनी पुढे आपल्या कामावर नेले. आपल्याकडच्या किती इंजिनियरांनी गावच्या गवंड्याला असा मान दिला, ज्याचे त्याने आठवून पाहावे.

पुढे १९४५ मध्ये सरकारने त्यांच्यावर मोठी कामगिरी सोपवली. लक्सर शहरासमोर, नाईल नदीच्या पश्चिम काठाला गुर्ना नावाचे गाव होते. पाच वाड्या मिळून वस्ती सात हजारांची. ही घरे बसली होती प्राचीन काळच्या सरदार-दरकदारांच्या थडग्यांवर. गावकऱ्यांना थोडीफार शेती, पण बरेचसे पोट थडग्यांवर. कोणी प्रवाशांना वाट दाखवी, कोणी जुन्या वस्तू विकी, कोणी नव्या घडवून जुन्या म्हणून विकी, आणि कोणी रात्री खणी. एकदा एका थडग्यातला कोरीव दगडच कापून नेला गेला. त्याचा बोभाटा झाला आणि हुकूम निघाला की गाव उठवा. पुराणवस्तू खात्याने खाली शेतजमिनीत सुमारे ५० एकर जागा घेतली आणि नवे गुर्ना वसवायला फाथींना बोलावले.

फाथींनी काम मन लावून केले, यात शंका नाही. त्यांनी ठोकळ्यासारख्या रांगा मारल्या नाहीत. गावात दहा-वीस कुटुंबांच्या भावक्या असत. प्रत्येक भावकीला एक छोटा चौक, त्या चौकाभोवती तिची घरे, अशी आखणी केली. लग्न-मयत त्या चौकात व्हावे, पोरे तिथे खेळावीत, रस्त्यावरचा परका माणूस तिथे उगाच घुसू नये. प्रत्येक घर त्या कुटुंबाची माणसे आणि जनावरे बघून वेगळे. आत अंगण, गोठा, पाहुण्यांची बैठक, कबुतरांसाठी जागा. गावाला मशीद, बाजार, सराय, मुला-मुलींच्या शाळा, नाटकगृहसुद्धा. मजूर गावातलेच, त्यांना कामावर गवंडीकाम शिकवायचे. एकट्या माणसाचे घर एकट्याने होत नाही, पण दहा जण मिळून दहा घरे उभी करतात, हा त्यांचा हिशेब होता. आपल्या सावडीची रीत ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. माणसाला नकाशा वाचता येत नाही, म्हणून काही घरे आधी बांधून दाखवावीत म्हणजे लोक नेमके बोलतील, हेही त्यांनी ओळखले होते.

तरीही तीन हंगामांत, १९४८ पर्यंत, गावाचा थोडा भागच उभा राहिला आणि काम थांबले. एक तर सरकारी कागदांनी जीव घेतला. काड हवे तेव्हा मंजुरी नाही, मंजुरी आली तोवर हंगाम गेला. ग्रामसेवकांना हा अनुभव मी काय सांगावा! पण खरी गोम दुसरीच होती. गुर्नेकरांना यायचेच नव्हते. नाईलला पूर आला तेव्हा नव्या गावाभोवतीचा बांध कोणीतरी फोडला आणि पाणी आत सोडले. आपल्यासाठी बांधलेले गाव आपणच बुडवायला माणूस निघतो, तेव्हा त्याला त्या गावाची किती धास्ती असेल!

यावर बरेच विद्वान म्हणतात, गुर्नेकर चोरटे, धंदा बुडेल म्हणून आडवे आले. मला हे पटत नाही. धंदा बुडणारच होता, आणि त्याच्या बदली काय, याचे पटेल असे उत्तर कोणी दिले नव्हते. हस्तकला शिकवू, विणकाम करू, अशी स्वप्ने फाथींनी दाखवली, पण स्वप्नावर चूल पेटत नाही. शिवाय डोंगरावरच्या लोकांना सपाटीवर, परक्याच्या जमिनीत आणून बसवायचे होते. घुमट तर त्यांच्याकडे कबरीवर असतो, त्याखाली जिवंत माणसाने निजायचे कसे, असेही लोक म्हणत, असे सांगतात.

खोट इथे आहे. खोली किती, अंगण केवढे, गोठा कुठे, हे सारे गावाला विचारायची तयारी होती. गाव हलवायचे की नाही, एवढेच विचारले नव्हते. ते आधीच, वर, कागदावर ठरले होते. मुख्य निर्णय झाल्यावर मागाहून सहभाग मागायचा म्हणजे लग्न लावून दिल्यावर पोरीला स्थळ पसंत आहे का विचारण्यासारखे आहे. फाथींसारखा कळवळ्याचा माणूसही ती भेग बुजवू शकला नाही.

आणखी एक उणीव त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. घरात दिवसभर वावरते बाई, पण त्या समाजाच्या रीतीप्रमाणे बायकांशी त्यांना बोलताच आले नाही. पाण्याचा प्रश्न बघा. नळ घरात आणला तर विहिरीवर पोरींची जी भेटगाठ होते, तिथेच जी सोयरीक जुळते, ती मोडेल, अशी चिंता त्यांना वाटली. विचार हळवा आहे. पण डोक्यावर घागर वाहणाऱ्या बाईला विचारले असते तर ती काय म्हणाली असती, हे आपल्या आयाबहिणींना विचारा. उत्तर एका वाक्यात मिळेल.

फाथी खचून थांबले नाहीत. पाच वर्षे ग्रीसमध्ये काम केले, परत आले, खार्गा नावाच्या वाळवंटी भागात बारिस गाव वसवायला घेतले. १९६७ च्या युद्धात तेही थांबले. शेवटी त्यांनी गुर्नाची सगळी कहाणी पुस्तकात लिहिली. १९६९ मध्ये ती कैरोत छापली गेली आणि १९७३ मध्ये शिकागोच्या विद्यापीठाने 'आर्किटेक्चर फॉर द पुअर' या नावाने काढली. मग जगाला ते समजले. १९८० मध्ये राइट लाइव्हलिहूड पुरस्कार आणि आगा खान पुरस्काराचा खास सन्मान, दोन्ही मिळाले. नुबियन गवंड्यांना घेऊन ते अमेरिकेत न्यू मेक्सिकोत मातीची मशीद बांधायला गेले. १९८९ मध्ये वारले. घुमट-कमानींची मातीची घरे हौसेने बांधून घेणारे पुढे श्रीमंत लोकच जास्त निघाले. गरिबाला मात्र सिमेंटच हवे होते. माती म्हणजे दारिद्र्य, हे त्याच्या मनात आपणच भरवले आहे.

गुर्नाचे पुढे काय झाले? नव्या गावात हळूहळू लोक राहायला आले, पण जमिनीतले पाणी वर चढून भिंतींना क्षार फुटले, आणि बऱ्याच जणांनी मातीचे घर पाडून विटा-काँक्रिटचे बांधले. २००९ पासून युनेस्कोने जे उरले ते जपायचे मनावर घेतले. आणि डोंगरावरचे जुने गुर्ना? हुकूम निघाल्यावर साठ वर्षे ते तसेच राहिले. २००६ च्या अखेरीस बुलडोझर लावून घरे पाडायला सुरुवात झाली, आणि लोकांना तिसऱ्याच जागी, सरकारी घरांत नेले.

हे परदेशातले म्हणून सोडून देता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत ५२ गावे नव्या जागी हलवली. घरे मजबूत झाली, हे मान्यच करावे लागेल. माळवदाखाली माणसे गाडली गेली होती, तेव्हा घाई समजू शकते. पण सरळ रस्ते, सरळ रांगा, शहरातल्या कॉलनीसारखी आखणी. वाडा गेला, चौक गेला, शेत लांब पडले, जनावरांना जागा नाही. लोकांनी मग स्वतःच पत्र्याची शेडे जोडून घराचे घर केले. त्याच भूकंपात जी गावे हलवली नाहीत, जागेवरच दुरुस्त केली, तिथे गावच्या बायकांना संवाद सहायक नेमले होते. पैसा किती, तो कसा वापरायचा, भिंतीत काय घालायचे, हे त्यांनी दारोदार समजावले. कागद सरकारचाच होता, पण बोलणारी गावची होती, त्याने फरक पडला.

आज धरणाचे, रस्त्याचे, खाणीचे पुनर्वसन कुठे ना कुठे चालूच असते. घरकुलांचेही तेच. २०१६ च्या प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) घर किमान २५ चौरस मीटरचे आणि त्यातच स्वयंपाकाची जागा धरलेली. शेतकऱ्याच्या घराला हे तोकडेच. पण लाभार्थ्याने घर स्वतः बांधावे, ठेकेदार लावू नये, हे त्याच योजनेत लिहिलेले आहे, आणि ते गावाला ठणकावून सांगणारा ग्रामसेवक हवा. नवे गावठाण आखताना नकाशा भिंतीला चिकटवून सह्या घेऊ नयेत. मोकळ्या रानात फक्की मारून प्रत्यक्ष घर, गोठा, रस्ता आखून दाखवावा. बायकांना त्यात उभे करावे, चूल कुठे, न्हाणी कुठे, त्यांनाच ठरवू द्यावे. एका दिवसाचे काम आहे आणि चुन्याच्या दोन पोत्यांचा खर्च. हे सगळे गाव हलवायचा ठराव होण्याच्या आधी व्हायला हवे. फक्की पाहून गाव नको म्हणाले, तर तो नकारही इतिवृत्तात जसाच्या तसा लिहावा लागेल.