दर विचारण्याआधी खड्डा खणा

दिवाळी सरली, सोयाबीनचे पैसे हाती आले, की वाशिम जिल्ह्यात घराच्या गोष्टी सुरू होतात. मृगाच्या आत स्लॅब पडला पाहिजे आणि पावसाळा नव्या छताखाली काढायचा, असा हिशेब असतो. मग ठेकेदाराचा शोध. मेहुणा एक नाव सुचवतो, हार्डवेअरवाला दुसरं. सगळ्यांना विचारला जाणारा पहिला प्रश्न एकच : फुटाला काय घेता? समजा एक सतराशे म्हणाला आणि दुसरा पंधराशे, तर हजार फुटांच्या घरात दोन लाखांचा फरक पडला. शेतकऱ्याला किंवा नोकरदाराला दोन लाख थोडे नाहीत. तो पंधराशेवाल्याला बयाणा देऊन मोकळा होतो. माझं म्हणणं असं की ज्याने तुमचा प्लॉट खणून पाहिलेला नाही, त्याच्या दराला अर्थच नाही, मग तो सतराशे सांगो की पंधराशे.

याचं कारण आपल्या पायाखाली आहे. जुन्या लोकांनी गावं वसवली ती पांढरीत, आणि काळी ठेवली पिकाला. आता वाशिमच्या हिंगोली रोडला, रिसोड रोडला, तसंच कारंजा, मंगरूळपीर, मालेगावच्या वेशीबाहेर जे ले-आउट पडत आहेत, ते बहुतेक कालपर्यंत सोयाबीन-तुरीखाली असलेल्या काळीवर. काळी माती पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात आकसते. वैशाखात शेताच्या भेगेत तुऱ्हाटी घालून बघा, ती सहज खाली जाते. भेग जिथवर जाते तिथवर जमीन दरवर्षी हलते. त्या हलत्या थरात पाया ठेवला तर घरही दरवर्षी हलणार. श्रावणात दार चौकटीला घासतं, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते, हॉलच्या मधल्या फरशा उचलतात. न्हाणीचं पाणी एकाच कोपऱ्यात मुरत असेल तर तेवढाच कोपरा वर येतो आणि भिंत तिथून फाटते. मग दोष सिमेंटला दिला जातो. सिमेंट बहुतेक वेळा निर्दोष असतं.

यावरचे उपाय माहीत नाहीत असं नाही. काळी माती काढून पाया खालच्या कडक मुरमावर न्यायचा, कॉलम प्लिंथ बीमने एकमेकांना बांधायचे, जोत्यात काढलेली काळी पुन्हा न भरता मुरूम थराथराने पाणी मारून चोपायचा, आणि घराभोवती पाणी लांब नेणारं पेव्हिंग करायचं. आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टी यांनी फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या, चिकट मातीचा जाड थर दाबून बसवण्याची पद्धत विकसित केली, ती काळ्या मातीतल्या कालव्यांसाठी वापरली गेली. मुरूम फारच खोल असेल तर रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने रूढ केलेले, तळाशी फुगवटा असलेले पाइल आहेत. यातलं तुमच्या प्लॉटला काय लागेल हे फुटाच्या दरात लिहिलेलं नसतं. ते खड्ड्यात दिसतं.

आता ठेक्याची चिठ्ठी नीट वाचा. त्यात बहुधा असतं : खोदाई पाच फूट, जोतं दोन फूट, वरचं एक्स्ट्रा. मुरूम सात फुटांवर असेल तर? आणखी दोन फूट खोदाई, तेवढं काँक्रीट, तेवढी सळई. पंधराशेवाल्याने दर आधीच तासून दिलेला असतो, त्याला ते परवडत नाही. तुम्ही साइटवर नसता, आणि पाच फुटांवर माती ‘कडक लागली’ असं सांगून फुटिंग भरलं जातं. संध्याकाळपर्यंत खड्डा बुजतो. त्या माणसाला मी लबाड म्हणणार नाही. पाच फुटांवर थांबण्यातच त्याचा फायदा राहील असा करार आपणच करतो. म्हणून पायाचं काम फुटाच्या दरातून बाहेर काढा. जोत्यापर्यंतचा खर्च प्रत्यक्ष मोजून द्यायचा, खोदाई ब्रासवर, काँक्रीट आणि सळई मापावर. फुटाचा दर जोत्याच्या वरचा. मग खोल जाण्यात ठेकेदाराचं नुकसान नाही आणि उथळ थांबण्यात फायदा नाही.

कामाला सुरुवात करण्याआधी, कोणालाही बयाणा देण्याआधी, प्लॉटच्या दोन कोपऱ्यांत जेसीबीने खड्डे काढा. खर्च तास-दीड तासाच्या भाड्याचा. तिथे आधी इंजिनिअरला उभं करा, मग ठेकेदारांना एकेक करून बोलवा. कोण काय करतो ते बघत राहा. एक जण काठावरूनच ‘होऊन जाईल’ म्हणतो. दुसरा खाली उतरतो, ढेकूळ बोटांत चुरतो, पहारेचा घाव घालून आवाज ऐकतो, शेजारच्या घराचा पाया किती गेला ते विचारतो. या दुसऱ्याचा दर जास्त असला तरी त्याच्याशीच बोलणी पुढे न्या.

इंजिनिअर मात्र ठेकेदाराने आणलेला नको. आपल्याकडे नगरपरिषदेत मंजुरीला लावलेल्या नकाशावरच घर उभं राहतं. त्या नकाशात खोल्या असतात, सळया नसतात. फुटिंग किती रुंद, कॉलममध्ये कोणत्या जाडीच्या किती सळया, रिंग किती अंतरावर, हे आरसीसी ड्रॉइंग वेगळं असतं आणि त्याची फी वेगळी द्यावी लागते. हजार फुटांच्या घरात ढोबळमानाने साडेतीन-चार टन सळई जाते. ड्रॉइंग नसेल तर ती जास्त गेली की कमी, हे सांगायला कोणीच नसतं. शेजारच्या हिंगोलीत २१ मार्च २०२४ ला ४.५ तीव्रतेचा धक्का बसला आणि त्याच वर्षी १० जुलैला पुन्हा तेवढाच. रिंगची टोकं काँक्रीटच्या आत वळवलेली आहेत की नुसती काटकोनात सोडली आहेत, याकडे आता आपल्या भागातही लक्ष हवं.

नाव पक्कं करण्याआधी त्या ठेकेदाराची जुनी घरं बघा. चालू साइट बघून काही कळत नाही, नवं प्लास्टर सगळंच झाकतं. चार-पाच पावसाळे पाहिलेलं घर मागा, आणि तिथे जायचं तर भाद्रपदात जा. घरच्या बाईला विचारा, कारण ओल कुठे येते आणि कोणतं दार लागत नाही हे तिला पुरुषांपेक्षा जास्त ठाऊक असतं. तक्रार केल्यावर ठेकेदार आला होता का, हेही तीच सांगेल. भेग असलेलं प्रत्येक घर वाईट नसतं. प्लास्टरच्या बारीक केसाएवढ्या रेषा सगळीकडे असतात. खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरपी चढणारी, नाण्याची कड शिरेल अशी भेग दिसली तर पायाबद्दल विचारा.

मग त्याला दोन प्रश्न करा. स्लॅबच्या मालात पाणी किती घालणार? आयएस ४५६ या मानकात एम-२० काँक्रीटच्या नेहमीच्या मिश्रणाला ५० किलोच्या एका पोत्यामागे ३० लिटर पाण्याची मर्यादा आहे. स्लॅबच्या दिवशी माल पटकन पसरावा म्हणून मिक्सरवरचा पोरगा पाइप सोडून देतो, आणि स्लॅबची ताकद तिथेच जाते. दुसरा प्रश्न, सेंट्रिंग कधी काढणार? त्याच मानकानुसार साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू सात दिवस, त्याहून मोठ्याचे चौदा दिवस, आणि सहा मीटरपर्यंतच्या बीमचे चौदा दिवस ठेवायचे असतात. प्लेटा भाड्याच्या असतात, पुढची साइट खोळंबलेली असते, म्हणून घाई होते. आणि आपल्याकडे स्लॅब पडतो नेमका एप्रिल-मेमध्ये, जेव्हा प्यायच्या पाण्याचीच ओढाताण असते. तेव्हा क्युरिंगचा टँकर कोणाच्या खर्चाचा, हे करारात लिहून घ्या. दोघांनीही तो दुसऱ्यावर टाकला की स्लॅब तहानलेला राहतो.

करारात आणखी एक गोष्ट हवी : मोजणी कशी धरणार. छज्जा, जिना, बाल्कनी फुटात धरायची की नाही, सेप्टिक टँक आणि पाण्याची टाकी आत की बाहेर, यावरून शेवटी जेवढी भांडणं होतात तेवढी दरावरून होत नाहीत.

‘रेरा आहे ना’, असं बरेच जण म्हणतात. महारेरा १ मे २०१७ पासून आहे, पण ती फ्लॅट किंवा प्लॉट विकणाऱ्या प्रवर्तकासाठी. तुमच्याच प्लॉटवर तुमचं घर बांधणारा ठेकेदार तिथे नोंदवलेला नसतो, त्याच्या कामाची पाच वर्षांची हमी तो कायदा तुम्हाला देत नाही. तुमचा आधार ग्राहक कायद्याचा. घरबांधणी ही सेवा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्येच लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात मान्य केलं आणि २०१९ च्या कायद्यातही ती आहे. दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे जाता येतं. पण तोंडी ठेका आणि रोख पैसे असतील तर तिथे दाखवणार काय? स्टॅम्पवर करार, बँकेतून पैसे, आणि पाया बुजवण्याआधीचे टेप लावलेले फोटो ठेवा. घरकुल योजनेत एक लाख वीस हजारांचं अनुदानसुद्धा सरकार टप्प्याटप्प्याने, जागेवरचा फोटो चढल्यावरच सोडतं. वीस-पंचवीस लाख लावणारा माणूस मात्र जोत्यावरच निम्मे देऊन बसतो. ते कृपा करून थांबवा.

पैशांचे टप्पे कामाच्या मागे राहतील असे पाडा, आणि एकूण रकमेचे पाच टक्के एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवा, तेही आधीच लिहून. चांगल्या ठेकेदाराला ही अट मान्य होते, कारण आपण पाया कुठे ठेवला हे त्याला माहीत असतं. मात्र बाकीचे टप्पे ठरल्या दिवशी चुकते करा. मिस्त्री आणि मजुरांना आठवडी बाजाराच्या दिवशी पगार लागतो. मालकाने पंधरा दिवस लावले की चांगला गवंडी दुसऱ्या साइटवर जातो, आणि त्याच्या जागी जो येतो त्याची निवड तुम्ही केलेली नसते.